खांबाआडच्या खुर्च्या

दीपकची खुर्ची

कुलूपबंद कॉम्प्युटरमधून सनई वाजली.

सोमवारची सकाळ होती. इंदिरानगरातल्या नवमळा कंपनीच्या ऑफिसात झेंडूच्या नमुन्यांच्या पाट्या नुकत्याच येऊन पडल्या होत्या. नाशिकभोवतीच्या मळ्यांतली भाजी आणि फुलं गोळा करून बाहेरदेशी पाठवायची, हा या कंपनीचा धंदा. खरेदी सांभाळणाऱ्या दीपकने भाचीच्या हळदीचा व्हिडिओ शेजारच्याला दाखवायला पेनड्राइव्ह लावला आणि आवाज कमी करायचं विसरला. सनई संपते न संपते तोच वहिनीचा आवाज हॉलभर घुमला, "दीपकभाऊ, लाजता काय, नाचा की."

अख्खा हॉल हसला. जिन्याखालच्या खोलीतून धावत आलेला जीवन तेवढा हसला नाही.

जीवन कंपनीचे कॉम्प्युटर सांभाळायचा. पंधरवड्यापूर्वी त्याने सर्व्हरवरून एक नियम सोडला होता: कुठल्याही कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह चालणार नाही. नियम एकदा सर्व्हरवर लिहायचा आणि तो सगळ्या कॉम्प्युटरांनी आपोआप पाळायचा, अशी ती सोय. इथे मात्र दीपकच्या पडद्यावर दीपक स्वतः हळदीने माखून नाचत होता.

जीवनने तो पेनड्राइव्ह उपसला आणि हॉलभर फिरून एकेका कॉम्प्युटरला लावून पाहिला. काही ठिकाणी कुलूप होतं, काही ठिकाणी नव्हतं. ऑफिस एकच होतं, नियमही एकच होता.

तो वळला तर मागे कंपनीचे अध्यक्ष लहानूअण्णा उभे.

"जीवन," अण्णा शांतपणे म्हणाले, "हे कुलूप हाय का नुसता पडदा?"

अण्णांची खुर्ची

लहानूअण्णांनी उभा जन्म भाजीच्या धंद्यात काढला होता. आधी डोक्यावर पाटी, मग सायकल, मग टेम्पो आणि आता काचेची केबिन. काचेतून त्यांना हॉल दिसायचा, आणि हॉलला अण्णा.

त्यांनी रूपालीला बोलावणं धाडलं. रूपाली शहरभर स्कूटरवरून फिरून ऑफिसांची अडकलेली नेटवर्कं सोडवायची. तिने अकराची वेळ दिली होती. ती केबिनमध्ये शिरली तेव्हा अण्णांनी काचेबाहेरच्या भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाकडे बोट दाखवलं.

"धा मिनिटं उशीर झाला, ताई."

रूपाली अकराच्या ठोक्याला जिना चढली होती. पण पहिल्याच भेटीत यजमानाशी वाद नको, म्हणून ती बसली.

प्रकरण असं होतं. त्यांची भाजी घेणाऱ्या परदेशी कंपनीचा तपासनीस उद्या येणार होता. तो सर्व्हरवरचा एक नियम बदलून पाहणार आणि सगळ्या कॉम्प्युटरांवर तो बदलतो की नाही हे मोजणार. एकही चुकला तर नापास. अण्णांच्या टेबलावर पुण्याच्या एका फर्मचं पत्र तयार होतं. कॉम्प्युटरचं सगळं काम आम्हाला द्या, माणूस ठेवायची गरज नाही, असं त्यात लिहिलं होतं. जीवनच्या नेमणुकीचा परीक्षाकाळ उद्याच संपत होता.

"पोरगं चांगलं हाय," अण्णा म्हणाले. "पुण्याची नोकरी सोडून आलंय, आईजवळ राहायला. पण निम्मी कुलपं उघडी ठेवणाऱ्याला मी कायम कसं करू? लोकं म्हणतात, तो मैतरांची कुलपं काढून देतो."

"कुणाकुणाची उघडी आहेत?"

अण्णा जरा घुटमळले. त्यांनी स्वतःच्या कॉम्प्युटरकडे पाहिलं.

"हे पण उघडंच हाय," ते म्हणाले.

जीवनचं स्टूल

जिन्याखालच्या खोलीत सर्व्हर होता, एक पंखा होता आणि एक स्टूल. भिंतीवर काही टांगायला जागाच नव्हती. रूपालीला स्टूल देऊन जीवन खोक्यावर बसला.

रूपालीने विचारण्याआधीच त्याने सांगायला सुरुवात केली. उघडे आणि बंद कॉम्प्युटर एकाच खेपेत घेतलेले होते, एकाच गटात नोंदलेले होते. त्याने केबली बदलून पाहिल्या, स्वतःचा पासवर्ड बदलला. उघड्या कॉम्प्युटरवर हाताने कुलूप लावलं तर ते लागायचं, पण सर्व्हरवरून नियम पाठवला की पोचायचा नाही. कॉम्प्युटरच्या पोटातल्या नोंदीत एकच ओळ सापडायची: ओळख पटली नाही.

"म्हणून मी परवानग्याच तपासत बसलोय," जीवन म्हणाला. "ओळख का पटेना? रोज तोच कॉम्प्युटर, तोच सर्व्हर. एका गल्लीतले शेजारी आहेत ते."

"शेजाऱ्यांचंच जास्त बिनसतं," रूपाली म्हणाली.

तो हसला नाही. आईला अजून काहीच सांगितलं नव्हतं, असं म्हणाला. ती रोज मखमलाबादच्या मळ्यातून गुलछडी तोडून आणते आणि बाजारात बसल्यावर येईल त्याला सांगते, माझा पोरगा परत आला.

"मला सांग, तू कुणासाठी कुलूप काढलंस?"

"कुणासाठीच नाही, ताई. पण कुणीतरी काढतंय. माझ्या आधी इथले कॉम्प्युटर केरूमामा बघायचे. त्यांच्याकडचा जुना पासवर्ड अजून चालतो, हे मला काल कळलं."

सृष्टीची खुर्ची

(इथे फक्त उत्तरं आहेत. सृष्टी प्रश्न पुरा होऊ देत नाही.)

हो, मीच सृष्टी. बिलं मी करते.

माझं कुलूप लागलेलं आहे. लागणारच. आम्ही हॉलमधल्या या रुंद खांबामागची माणसं. चहा आमच्याकडे शेवटी येतो, पंखा आमच्याकडे पोचत नाही, कुलूप मात्र सगळ्यात आधी.

मी जीवनवर संशय घेत नाही. मी एवढंच म्हणते की खांबाच्या पुढे बसणाऱ्यांना लाड आहेत.

दीपकदादा? त्याचं तर विचारूच नका. त्याची मेल माझ्या डब्यात कायम सगळ्यात वर बसते. मागून दुसऱ्या कुणाची आली तरी ती खाली जाते आणि हा वरच. मी एकदा म्हटलंसुद्धा, दादा, तू मेल पाठवतोस का घुसवतोस?

नाही, खांबामागच्या कुणाचीच तशी बसत नाही.

केरूमामा? आमच्याकडे ते फक्त ट्यूबलाइट बदलायला येतात. खांबापुढे काय काय करतात ते तुम्हीच बघा. मला इथून खांबच दिसतो.

छायाची खुर्ची

सृष्टीचं म्हणणं पटण्यासारखं होतं. उघडे कॉम्प्युटर सगळे खांबाच्या पुढच्या बाजूला होते. रूपालीने पाटीतले झेंडू उचलले आणि प्रत्येक उघड्या कॉम्प्युटरवर एकेक फूल ठेवत गेली. दीपक, त्याचा शेजारी, पलीकडची दोन टेबलं, केबिनमधले अण्णा. दसराच उजाडल्यासारखं दिसू लागलं. अण्णांनी काचेतून पाहिलं आणि फूल सरळ केलं.

मग छायाने सगळं मोडलं.

छाया हिशेब बघायची. ती खांबाच्या पुढे, अगदी हॉलच्या मध्यावर बसायची. आणि तिचं कुलूप मात्र लागलेलं होतं. रूपालीने तीनदा पेनड्राइव्ह लावून पाहिला. कॉम्प्युटर ढिम्म.

हातातलं फूल तसंच राहिलं. खांबापुढचे सगळे उघडे, मग हीच एकटी बंद कशी? छायाने लोकरीचं विणकाम बाजूला ठेवलं आणि आपण काहीच केलं नसल्याचं सांगितलं. जीवनशी भांडण नाही, मैत्रीही नाही.

"केरूमामा तुमच्याकडे कधी आले होते?"

"आले होते मागे एकदा. माझ्याही मशीनला करून देतो म्हणाले. मी म्हटलं, मामा, तुम्ही माझ्या मशीनला हात लावू नका, मला संध्याकाळी चांदवडची गाडी धरायची असते." छाया रोज शहरातल्या द्वारका चौकातून एसटीने चांदवडला परत जायची. "एवढंच. पुढे मी विचारलंही नाही."

"काय करून देणार होते?"

छायाने खांद्यावरून मागे पाहिलं. दारात शिडी घेऊन केरूमामा उभे होते आणि सगळं ऐकत होते.

केरूची शिडी

केरूमामांना खुर्ची नव्हती. ते शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बसायचे. पूर्वी कॉम्प्युटर आणि वीज दोन्ही त्यांच्याकडे होतं. जीवन आल्यावर वीज तेवढी राहिली. त्यामुळे रूपाली समोर आली तेव्हा हॉलमधल्या माना आपोआप वळल्या.

"कुलपं मी काढली नाय," केरूमामा म्हणाले. "पेनड्राइव्हचं कुलूप कुठं असतं तेच मला ठावं नाय. शोधून दाखवा म्हणाल तर दीपकची खुर्ची उलटी करून बघीन."

"पण जुना पासवर्ड तुमच्याकडे आहे."

"हाय. माउस अडकला, अक्षर बारीक झालं, की लोकं मलाच हाक मारतात. जीवनसाहेब खोलीत असतो, मी शिडीवर असतो. शिडी दिसते लगेच." त्यांनी जीवनकडे पाहिलं. "ह्या पोराचा माझ्यावर राग असंल. माझा त्याच्यावर नाय. ह्याच्या आईकडून मी गुलछडी घेतो, उधार नाय, रोख."

पहिल्यांदाच जीवन किंचित हसला.

मामा खोटं बोलत नव्हते, हे रूपालीला दिसत होतं. जीवनही खोटं बोलत नव्हता. कुलपं कुणीच काढली नव्हती आणि तरी ती उघडी होती.

"शेजारच्या खोलीत चहा मिळेल?" तिने विचारलं. "नको, राहू दे. चहा इथेच द्या. प्रत्येक टेबलावर."

सगळ्या खुर्च्या

मग रूपाली नुसती बसली.

आधी दीपकच्या खुर्चीवर. कॉम्प्युटरला तिने हातही लावला नाही. घोटभर चहा प्यायली, मान वर केली, समोर पाहिलं, उठली. दीपकच्या शेजाऱ्याला उठवलं, तिथे बसली. घोट, मान वर, उठली. पलीकडची दोन टेबलं. मग अण्णांना विनंती केली आणि अण्णांच्या खुर्चीवर बसली. या खुर्चीवर आजवर दुसरं कुणी बसलं नव्हतं. हॉल उभा राहून बघत होता. मग खांबामागे गेली, सृष्टीच्या खुर्चीवर बसली, मान वर केली आणि तिला खांब दिसला. सृष्टी म्हणाली, "सांगितलं होतं ना."

दीपक जीवनच्या कानाशी लागला. या बाईंना कॉम्प्युटर येतात का फक्त चहा, असं विचारत होता.

शेवटी रूपाली भिंतीपाशी गेली आणि हॉलकडे तोंड करून पाठ टेकून उभी राहिली. तिथून तिला प्रत्येक झेंडू दिसत होता. एकही सुटला नव्हता. खांबामागचं एकही टेबल दिसत नव्हतं.

तिच्या डोक्यावर काय होतं, ते तिने वर न बघताच ओळखलं.

वाचकाची खुर्ची

ही रिकामी आहे, बसा. रूपालीला जे माहीत आहे ते सगळं आता तुम्हालाही माहीत आहे: झेंडूची फुलं, दीपकची वर बसणारी मेल, छायाची गाडी, मामांचा पासवर्ड. चहा संपेपर्यंत वेळ आहे.

संपला?

पुन्हा दीपकची खुर्ची

रूपालीने सगळ्यांना दीपकच्या टेबलाभोवती बोलावलं. अण्णाही आले. तिने जीवनला पडद्याच्या कोपऱ्यातली वेळ वाचायला सांगितली.

"एक वाजून वीस."

"आता भिंतीवर बघ."

"एक वीस. बरोबर आहे की."

"आता तुझा मोबाइल काढ."

जीवनने मोबाइल काढला. पडद्याकडे, भिंतीकडे आणि पुन्हा मोबाइलकडे पाहिलं. मग हळूच म्हणाला, "एक दहा."

"घड्याळ पुढंच हाय," अण्णा म्हणाले. "मी लावलंय. त्यात काय नवल? घरातलं पण पुढं हाय. एकदा लासलगावच्या कांदाबाजारात माझा ट्रॅक्टर उशिरा पोचला. लिलावाचा घोळका पुढं गेला की पुढंच गेला, व्यापारी वळून बघत नाय. त्या दिवसापासनं माझं घड्याळ पुढं. सगळ्यांना ठाऊक हाय."

"सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच कुणी सांगितलं नाही," रूपाली म्हणाली. "मामा, लोक तुम्हाला काय करून द्यायला सांगायचे?"

केरूमामांनी शिडी भिंतीला टेकवली. दीपक म्हणायचा, समोर एक वेळ आणि पडद्यावर दुसरी, डोळे फिरतात. जेवून परत आलो की अण्णा भिंतीकडे बोट दाखवतात आणि मी पडद्याकडे, वाद नको. म्हणून मामांनी पडद्यावरची वेळ भिंतीशी जुळवून दिली. ती आपोआप मागे यायची, तर आपोआपचं बटणही बंद करून टाकलं. मग शेजाऱ्याने सांगितलं, मग पलीकडच्यांनी. अण्णांचं तर मामांनी न सांगताच केलं होतं, मान म्हणून.

"ज्याला घड्याळ दिसतं, त्यालाच हा त्रास," रूपाली म्हणाली. "खांबामागच्यांना दिसतच नाही, म्हणून त्यांनी मामांना बोलावलं नाही. त्यांचे कॉम्प्युटर सर्व्हरच्या वेळेवर राहिले."

मग तिने जीवनला उद्देशून, पण सगळ्यांना कळेल असं सांगितलं. नियम मागायला गेलेला कॉम्प्युटर सर्व्हरला आपलं ओळखपत्र दाखवतो आणि त्यावर वेळ घातलेली असते. दोघांच्या वेळेत पाच मिनिटांहून जास्त अंतर पडलं की सर्व्हरला ते ओळखपत्र चोरीचं वाटतं. तो नियम देत नाही. कॉम्प्युटर रिकाम्या हाताने परत येतो आणि जुन्याच नियमावर चालत राहतो. जुन्या नियमात पेनड्राइव्हला मोकळीक होती.

"आणि मी दहादा इथे येऊन बसलो," जीवन म्हणाला. "पडद्यावर बघायचो, भिंतीवर बघायचो. जुळायचं."

"दोन घड्याळं एकच सांगत असली की माणूस तिसऱ्याला विचारत नाही."

सृष्टीने कपाळावर हात मारला. दीपकची मेल वर का बसते ते तिला आत्ता कळलं. ती दहा मिनिटं पुढच्या वेळेतून यायची.

"आणि छाया?" दीपकने विचारलं. "तिच्या तर डोळ्यांसमोर घड्याळ आहे."

रूपालीने छायाकडे पाहिलं. छायाने विणकाम उचललं.

"घड्याळ अण्णांचं आहे," छाया म्हणाली, "एसटी नाही. इथल्या वेळेवर निघाले तर द्वारकेला रोज दहा मिनिटं उभी राहीन. मला एक तरी खरी वेळ समोर लागते."

जीवनने हॉलमधले झेंडूवाले कॉम्प्युटर एकेक करून सर्व्हरच्या वेळेवर आणले, आपोआपचं बटण पुन्हा चालू केलं आणि केरूमामांकडून जुना पासवर्ड मागून घेतला. मामांनी तो तिथल्या तिथे मोठ्याने सांगितला. तो त्यांच्या म्हशीच्या नावाचा होता. मग जीवन खोलीत गेला आणि सर्व्हरवर एक नवा नियम लिहिला: सगळ्या पडद्यांवर झेंडूच्या मळ्याचं चित्र.

हॉल पडद्यांकडे बघत थांबला. आधी सृष्टीचा पडदा केशरी झाला. मग छायाचा. मग दीपकचा, शेजाऱ्याचा, पलीकडचे दोन. खांबापुढे, खांबामागे, मळा फुलत गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

केबिनमधला पडदा काळाच होता. अण्णांनी त्याला कुणाला हात लावू दिला नव्हता.

चाकाची खुर्ची

"माझा नाय बदलायचा," अण्णा म्हणाले. "सगळ्यांची वेळ एक पायजे ना? मग सर्व्हर माझ्या घड्याळावर लावा. सगळेच धा मिनिटं पुढं."

जीवनने रूपालीकडे पाहिलं. तिने मानेनेच अण्णांकडे खूण केली. बोलायचं होतं ते त्यानेच.

"अण्णा, आपल्या ऑफिसात चालेल," तो म्हणाला. "पण सर्व्हरला बाहेर बँकेशी बोलायचं असतं, बंदराशी बोलायचं असतं. उद्या तपासनीसाशी. तिथे सगळे म्हणतील, हे ओळखपत्र खोटं. इथे दीपकदादाचं जे झालं ते मग अख्ख्या कंपनीचं होईल."

"एसटीने तर कधीच ऐकलं नाही," छाया हळूच म्हणाली.

अण्णांनी घड्याळाकडे पाहिलं. मग त्यांनी दीपकची चाकाची खुर्ची भिंतीपर्यंत ढकलत नेली आणि धोतर सावरून तिच्यावर चढू लागले. केरूमामा शिडी घेऊन धावले, तर अण्णा म्हणाले, शिडी तुझी, घड्याळ माझं. चाकं सरकू लागली तशी दीपक, सृष्टी, मामा आणि जीवन चौघांनी चार बाजूंनी खुर्ची धरली. वरून अण्णा ओरडत होते, नीट धरा, अध्यक्ष हाय मी.

त्यांनी घड्याळ खिळ्यावरून उतरवलं. काटे फिरवले नाहीत. ते जसंच्या तसं मामांच्या हातात दिलं आणि खाली टेम्पोत माल भरतात त्या शेडमध्ये टांगायला सांगितलं. टेम्पोला पुढची वेळच लागते.

मग ते केबिनमध्ये गेले आणि जीवनला आत बोलावलं. थोड्या वेळाने काचेतून केशरी उजेड बाहेर आला.

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला, सर्व्हरवर एक नियम बदलला आणि हॉलभर फिरला. पडदा पडदा तपासला. सगळीकडे तेच. तो खांबामागेही गेला. त्यालाही सृष्टीने आधी पंख्याची तक्रार ऐकवली. जाताना तो लेखी देऊन गेला की इतके एकसारखे कॉम्प्युटर त्याने फार कमी ठिकाणी पाहिले आहेत.

तो गेल्यावर अण्णा केबिनबाहेर आले. सवयीने त्यांनी भिंतीकडे मान वळवली. तिथे नुसता खिळा होता.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

खांबापुढून आणि खांबामागून, सगळ्यांचं एकच उत्तर एकाच दमात आलं. ऐकून अण्णांनाच हसू फुटलं. त्यांनी पुण्याच्या फर्मचं पत्र चहाच्या पेल्याखाली ठेवायला दीपकला दिलं आणि जीवनच्या खांद्यावर हात टाकला.

"आईला सांग, पोरगा कायम झाला."

"उद्यापासून का, अण्णा?"

"आजपासनं," अण्णा म्हणाले. मग त्यांनी खिळ्याकडे एकदा पाहिलं. "धा मिनिटं आधीपासनंच धर."